काळी चार

"कोंबडो आरवलो काय रे?" आईने चुलीपुढून विचारलं.

भर दुपार होती. मी मागच्या पडवीत गिटारच्या तारा बदलत बसलो होतो.

"बाबा गातत," मी म्हटलं.

"ताच विचारतंय."

ओटीवर बाबांची पेटी पुन्हा सुरू झाली. बाबा वरच्या सुराकडे निघाले, अर्ध्यापर्यंत झोकात गेले आणि शेवटच्या पायरीवर पाय घसरावा तसा त्यांचा आवाज घसरला. या खेपेला परड्यातल्या खऱ्या कोंबड्याने त्यांना उत्तर दिलं. पेटी थांबली. बाबांनी 'तुझ्या तोंडार शिरा पडो' अशी त्या कोंबड्याला शिवी हासडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

माझे वडील भिकाजी तेंडोलकर हे भजनी बुवा. आमच्या कुडाळकडे बुवा स्वतःच पेटी वाजवतो, स्वतःच गातो आणि समोरच्या बुवाची मस्ती गाण्यातूनच उतरवतो. अशा दोन बुवांच्या सामन्याला डबलबारी म्हणतात. सूर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी मोजायचा: काळी एक, पांढरी दोन, काळी तीन. जेवढी पट्टी चढी तेवढा बुवा मोठा, मग तो काय गातो ते कळलं नाही तरी चालतं. बाबा काळी चारात गात. तरण्या बुवांचाही तिथे घाम निघायचा. लोक त्यांना 'काळीचार बुवा'च म्हणत. एकदा तर लग्नाची पत्रिका तशा नावाने आली होती, आणि बाबांनी ती चौकटीत लावली होती.

अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो आणि मला गिटारचं खूळ लागलं. सावंतवाडीचा इनास फर्नांडिस माझ्याबरोबर शाळेत होता. त्याच्या मामाने गोव्याहून आणलेल्या, मानेला तडा गेलेल्या गिटारवर मी शिकलो. चर्चच्या फेस्ताला इनासच्या 'ब्लू स्टार'मध्ये वाजवलं. 'ब्लू स्टार'मध्ये तिघे होतो आणि तिघांनाही एकच गाणं येत होतं. मग कुडाळची 'झंकार मेलडी' आली, तिथे मालकाचा मेहुणा गायक होता, त्यामुळे आम्हाला मोठ्याने वाजवावं लागे. बारशी, साखरपुडे, गणपती, पतपेढीचं उद्घाटन, एकदा तर बैलांचं प्रदर्शन. दिवसा तालुका कचेरीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी खांद्याला गिटार लावून बाहेर पडायचं. तिशी उलटली तरी माझ्या बापाच्या लेखी मी वाद्य वाजवत नव्हतो.

"ना काळी, ना पांढरी," ते म्हणत. "तेका काय वाद्य म्हणतत? फणसाचो गरो खाल्ल्यार मागे रवता ना, ता चारखंड आसा ता."

घरात गुरुवारचं भजन असायचं. बाबा पेटीवर, तुकाराम मेस्त्री पखवाजावर, वाडीतली माणसं झांजांवर. मी दारात उभा राहून ऐकायचो. आत बसायला मला कुणी नको म्हटलं नव्हतं. चारखंडाला मात्र म्हटलं होतं, आणि गिटारला बाहेर ठेवून मी आत जायला तयार नव्हतो. हट्टीपणा आमच्या घरात वाटून मिळायचा, कुणाला कमी पडला नाही.

फक्त एकदा बाबांनी गिटारमध्ये रस घेतला होता. 'झंकार'मध्ये गाणारी बाई आली की मी गिटारच्या मानेवर चिमटा लावायचो. हा चिमटा सगळ्या तारा एकदम दाबतो. बोटं नेहमीचीच फिरवायची, पण चिमटा मानेवरच्या ज्या घरात असेल त्याप्रमाणे सूर चढतो. बाबांनी तो बघितला आणि विचारलं, "मगे माझी काळी चार तुझ्या चारखंडात खंय?"

"चिमटो चौथ्या घरात लावलो की काळी चार."

"काळी चार, चौथा घर," बाबा म्हणाले. "निदान येक गोष्ट तरी शिस्तीत आसा." आणि उठून गेले.

तर त्या दुपारी कोंबडा का आरवत होता, ते सांगतो. रवळनाथाच्या देवळात सप्ता होता आणि समाप्तीच्या दुपारी डबलबारी ठरली होती. समोर चिंदरकर बुवा. दोघांचं वैर इतकं जुनं होतं की ते कशावरून सुरू झालं हे दोघेही विसरले होते. चिंदरकरांनी कुडाळच्या बाजारात, चहाच्या हॉटेलात, सगळ्यांसमोर सांगितलं: "भिकाजी बुवा अजून काळी चारात गायलो, तर मी माझी पेटी उचलून तेच्या पायार ठेवतलंय. नाय गायलो, तर तेणां आपली पेटी माका देवची आणि घराकडे गप रवाचा."

बाबांनी ते ऐकलं आणि त्याच हॉटेलात निरोप ठेवला: "चिंदरकराक सांगा, पेटी पुसून आण."

निरोप झोकदार होता. पण बाबांची पासष्टी उलटली होती, आणि काळी चार आता त्यांच्या गळ्यात मावत नव्हती. ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, परड्यातल्या कोंबड्यालाही. बाबांना सांगायचं कुणी? सुंठीचा काढा, ज्येष्ठमध, मिरी घातलेलं तूप, सगळं चाललं होतं. मला खरंच भीती वाटत होती. सगळ्या गावासमोर आवाज फाटला, चिंदरकराने पेटी उचलून नेली, तर हा माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही, गाण्यासाठी नाही आणि शिव्यांसाठीही नाही. घर केवढं गप झालं असतं!

आई हात पुसत मागच्या पडवीत आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"सदा, तुझो तो चिमटो," ती हळूच म्हणाली. "तू बोटां तशीच फिरवतंस, पण सूर दुसरो येता. मी बघलंय."

"मगे?"

"पेटयेक तसो चिमटो नाय?"

आई कधी शाळेत गेली नव्हती, गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही असं ती सगळ्यांना सांगायची, आणि तीस वर्षं बाबांचा चुकलेला सूर तिने भांड्यांच्या आवाजाने झाकला होता.

"आये, बाबांका फसवूचा?"

"फसवूचा कित्याक? तेंची बोटां काळी चारारच रवतली. गळो तेंचो तो तेंचोच. मधी पेटी काय बोलात ता पेटी बघीत."

दुसऱ्या दिवशी आईने बाबांच्या देखत पेटीचा भाता दाबला आणि कान लावून म्हणाली, "वारो जाता हो हेच्यातसून." बाबांना ऐकू आलं नाही, पण बारीला जाताना वारा गेलेला कुणाला परवडतो? पेटी माझ्या सायकलवर चढली आणि इनासकडे गेली.

इनास चर्चची पेटी दुरुस्त करायचा, त्यामुळे आजूबाजूच्या भजनांच्या पेट्याही त्याच्याकडेच येत. मी दार लावून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं. तो जरासुद्धा चकित झाला नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

"चिमटो सूर चढवता रे, उतरवणा नाय," तो म्हणाला. "पेटीक उतरवूची तर आतली आतडी सरकवूक होयी. प्रत्येक सुराची पितळेची पट्टी काढूची आणि तीन घरां पलीकडे बसवूची."

"तीन घरां म्हणजे किती उतारतली?"

"बोट काळी चारार, आवाज पांढरी चाराचो."

घरी येऊन मी आईला हळूच सांगितलं. ती समाधानाने म्हणाली, "मगे झाला तर. चार ती चार. रंगाक काय चाटूचो आसा?"

तुकाराम मेस्त्रीला कटात घेणं भाग होतं, कारण पखवाज पेटीच्या सुरात ठोकावा लागतो. आईने त्याला घावणे आणि रस खायला घातला. चौथ्या घावण्याला तो म्हणाला की आपले कान तसेही म्हातारे झालेत.

पेटी परत आली. बाबांनी ती ओटीवर मांडली, काळी चारवर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि वर निघाले. आम्ही दोघं आत श्वास धरून उभे. आवाज चढला, चढला, वरच्या सुरावर जाऊन मांडी घालून बसला. परड्यातला कोंबडा गप्प.

"इलो!" बाबा ओरडले. "गो, इलो माझो आवाज! सुंठीन काम केल्यान!"

"देव पावलो," आई म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून चुलीकडे गेली.

त्यानंतरचे दिवस घरात राहणं कठीण झालं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सुंठीचं माहात्म्य सांगू लागले. पोस्टमनला काढा पाजला. आणि बारीच्या आदल्या संध्याकाळी मी गिटार घेऊन 'झंकार'ला निघालो, तर ओटीवरून हाक आली.

"सदा."

"काय?"

"उद्या तू पण बस माझ्या बाजूक. ता चारखंड घेऊन."

मी पायरीवरच थांबलो. "गिटार घेऊन? देवळात?"

"माझो आवाज परत इलो हा. मधी चारखंड वाजला तरी आता माझा काय बिघडणा नाय. तालीम बिलीम नको. फक्त काळी चार धरून रव."

लहानपणापासून मी या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं, आणि आलं ते एका उतरवलेल्या पेटीच्या जिवावर. मी 'झंकार'ला गेलो तो सगळ्या गाण्यांत चुकलो. मालकाच्या मेहुण्याने पहिल्यांदाच मला ताल शिकवला.

बारीच्या दुपारी देवळाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला चिंदरकर बुवा, पांढरं धोतर, डोळ्याला काळा चष्मा, पेटी खरोखरच पुसून आणलेली. दुसऱ्या बाजूला आम्ही. मानकऱ्याने देवाला गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज तुझी दोन लेकरां तुझ्या दारात गळो काढूक बसली हत. जो खरो आसात तेका येश दी, जो खोटो आसात तेका बुद्धी दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव ओरडला. मी जरा हळू ओरडलो.

मी बाबांच्या उजव्या हाताला बसलो, गिटार मांडीवर घेतली, पेटीचा सूर ऐकला आणि चिमटा लावला. बाबांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांनी गिटार वरपासून खालपर्यंत बघितली. मग पेटी बघितली. मग बायकांच्या घोळक्यात बसलेल्या आईकडे बघितलं. आई त्या वेळी देवळाच्या कळसाकडे अशी बघत होती, जणू तो आजच बसवलाय.

बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या गिटारच्या मानेवर टाकलं. नीट पसरून, दोन्ही बाजूंनी खोचून.

"रवांदे तसाच," ते म्हणाले. "वारो लागतलो तेका."

पुढच्या रांगेत पोरं हसली. तिथे 'झंकार'मध्ये बँजो वाजवणारा, चिंदरकरांचा पुतण्याही होता. माझे कान तापले. मला बोलावलं ते काय गावासमोर झाकायला? एवढीच लाज वाटत होती तर बोलवायचंच कशाला? मनात आलं, उठावं आणि जावं. पण तेवढ्यात पखवाज सुरू झाला. बाळंतिणीने पदराखाली पोराला पाजावं तशी मी उपरण्याखाली हात घालून गिटार वाजवत होतो.

आणि बाबा गायले. मी त्यांना लहानपणापासून ऐकत आलोय, पण तसे ते कधी गायले नव्हते. सुरुवातीला त्यांनी एक क्षण वेळ घेतला, पट्टीवर बोट तसंच ठेवून. मग जे सुटले ते शेवटच्या गजरापर्यंत थांबले नाहीत. वरचा सूर लावला तेव्हा मांडवातल्या बायकांनी हात जोडले. मी उपरण्याखाली त्यांच्या मागे मागे धावत होतो आणि, खरं सांगतो, राग विसरलो होतो. पाच-सहा वेळा ते माझ्याकडे वाकले, जागा मोकळी सोडली, आणि तिथे फक्त माझी गिटार वाजली. लोकांना दिसत नव्हती, पण ऐकू येत होती.

गजर संपला. टाळ्या थांबल्यावर चिंदरकर बुवांनी हात वर केला.

"बुवा गायले ब्येस," ते म्हणाले. "पण काळी चार काय ती मी माझ्या पेटयेर बघतलंय. पेटी खोटा बोलणा नाय."

ही गोष्ट ना आईच्या डोक्यात आली होती, ना माझ्या. आमची पेटी उतरवली, पण चिंदरकराची पेटी तर तशीच होती! आता त्याची काळी चार वाजणार, ती आमच्या काळी चारपेक्षा तीन घरं वर, आणि मांडवातल्या बहिऱ्यालाही कळणार. मी आईकडे बघितलं. तिने आता देवळाचा कळस सोडून थेट देवच धरला होता.

चिंदरकरांनी भाता ओढला. बोट उचललं. सगळ्यांना दिसेल असं काळी चारवर ठेवलं.

सूर निघाला.

बाबांनी आपली काळी चार दाबली. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की दोन पेट्या आहेत हेच कळेना.

माझ्या मांडीवर, उपरण्याखाली, माझी तार हलकेच थरथरली. तोच सूर. पांढरी चार. त्या मांडवात खरं बोलणारं एकच वाद्य होतं, आणि ते झाकलेलं होतं.

"काळी चार!" मांडव ओरडला. "काळीचार बुवा!"

चिंदरकरांनी काळा चष्मा काढला. ते आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिले. मग चिंदरकर उठले, आपली पेटी दोन्ही हातांनी उचलून आणली आणि बाबांच्या पायांशी ठेवली. बाबांनी ती उचलली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"तुमची पेटी तुमच्याकडेच रवांदे," बाबा म्हणाले. "इनास भातो बरो करता, नाय?"

"फस्क्लास करता," चिंदरकर म्हणाले.

लोकांना वाटलं, काय हे मोठेपण! कुणीतरी डोळे पुसले.

संध्याकाळी मी सायकल हाणत इनासकडे गेलो. "चिंदरकराची पण?"

"कधीच," इनास म्हणाला. "हय भोवतालचो साठी उलाटलेलो एकव बुवा आता काळीत नाय. सगळे पांढरीत आसत. प्रत्येकाक वाटता, आपणच तेवढो."

"तुका काय वाटणा नाय?"

"मी पाद्रीकडे कबूल केलंय. तो हसलो आणि म्हणालो, आमची पण पेटी वायच बघ, माका वयलो सूर पोचणा नाय."

म्हणजे बाबांना कळलं, एवढं मला समजलं. पण मी समजलो ते असं, की चिंदरकरांचा सूर जुळला तेव्हा कळलं. उपरण्याचा डंख मनात तसाच होता. घरी मी काही बोललो नाही. बाबाही बोलले नाहीत. सुंठीचा विषय मात्र घरातून गेला.

आई एकदाच बोलली. "तेंका कळला हा. माका ह्या कळला म्हणून तू तेंका सांगू नको. तेंका वायट वाटात."

गुरुवार आला. माणसं जमली, समया लागल्या. चिंदरकर बुवा पायरी चढून आले, तेव्हा सगळे उठून उभे राहिले, कारण या घरात ते कधीच आले नव्हते. बाबांनी त्यांना आपल्या शेजारी चटई दिली. मी नेहमीप्रमाणे दारात.

"थंय काय उभो रवलंस?" बाबा म्हणाले. "चारखंड घेऊन ये."

मी गिटार घेऊन आत आलो, बसलो. माझा हात चिमट्याकडे गेला आणि तिथेच थांबला. बाबा समोरच होते. मी मुकाट्याने चिमटा चौथ्या घरात लावला.

बाबांनी तो बघितला आणि मान हलवली.

"त्या दिवशी देवळात खयच्या घरात लावललंस?" त्यांनी विचारलं.

"पयल्या."

"ताच. काळी चार, चौथा घर. तूच शिकवललंस माका." ते चिंदरकरांकडे वळले. "सगळो कट पेटयेन लपवल्यान, बुवा, आणि ह्या शाण्यान पयल्या घरात चिमटो लावून गावासमोर मांडल्यान. आणि फुडे तुमचो तो बँजोवालो पुतण्यो बसललो, डोळे फाडून. उपरणा घातलंय म्हणून वाचलंव."

चिंदरकर पोट धरून हसले. मला हसता आलं नाही. पहिला सूर लावण्याआधीच बाबांना सगळं कळलं होतं. माझ्या चारखंडावरून कळलं होतं. ते वाचता येत होतं त्यांना. मला झाकलं नव्हतं त्यांनी. माझी चूक झाकली होती, आपला खोटेपणा झाकला होता, आणि मग तसे गायले होते.

आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे गेलोय. 'झंकार' गेली, त्यानंतर चार बँड आले आणि गेले, बोटं आता आखडतात, आणि मुलगी म्हणते, बाबा, जाड तारा सोडा आता. माझ्या आयुष्यात माझी गिटार अनेकांनी ऐकली, पण त्या गुरुवारच्या संध्याकाळसारखी मला ती कुणी वाजवायला सांगितली नाही.

बाबांनी भाता ओढला. ओटीवर बसलेल्या सगळ्या मंडळींना, चिंदरकरांना, आणि चुलीपुढे बसून कान इकडे लावलेल्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी, जन्मात पहिल्यांदा, आपला खरा सूर सांगितला.

"सदा, चिमटो पयल्या घरात घी. पांढरी चार."

आणि चुलीपुढून आई मोठ्याने ओरडली,

"व्हय म्हाराजा!"